उंदीर, विषाणू आणि 'स्व'ची खूण

रोगप्रतिकाराचा पाठ शिकवताना आपण बहुधा प्रतिपिंडांपाशी येऊन थांबतो. शरीरात काही परके शिरले की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती त्या परक्या वस्तूला चिकटतात आणि तिचा बंदोबस्त होतो, एवढे सांगितले की तास संपतो. पण वर्गात एखादा चौकस विद्यार्थी असतोच. तो विचारतो, "सर, विषाणू तर पेशीच्या आत शिरून वाढतो ना? मग प्रतिपिंडे त्याच्यामागे आत जातात का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. प्रतिपिंडे रक्तात आणि पेशींच्या भोवतालच्या द्रवात वावरतात. एका पेशीतून दुसरीकडे निघालेला विषाणू त्यांच्या तावडीत सापडतो. पण एकदा तो पेशीपटलाच्या आड गेला की सहसा त्यांच्या हाती लागत नाही. अशा वेळी ज्या पेशीत विषाणूचा कारखाना चालू आहे त्या पेशीचाच निकाल लावावा लागतो. हे काम टी-लसिकापेशी करतात. परंतु बाहेर फिरणाऱ्या टी-पेशीला आतले कसे कळते? शेजारच्या हजारो निरोगी पेशींना धक्का न लावता ती नेमकी बाधित पेशीच कशी हेरते?

याचे उत्तर ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे १९७३-७४ मध्ये उंदरांवर केलेल्या काही प्रयोगांतून मिळाले. गंमत अशी, की ते मिळताना जवळजवळ चाळीस वर्षे पडून राहिलेले दुसरेच एक कोडेही सुटले. त्या कोड्यापासून सुरुवात केलेली बरी.

१९३० च्या दशकात लंडनमध्ये पीटर गोरर हे उंदरांच्या रक्तगटांचा अभ्यास करीत होते. आनुवंशशास्त्र ते जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे शिकले होते (हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले). एका उंदराच्या अंगातील गाठ दुसऱ्यात रोवली तर ती कधी रुजते, कधी झडून जाते. रुजणे न रुजणे हे पेशींवरील एका आनुवंशिक प्रतिजनावर अवलंबून असते, असे गोरर यांना आढळले. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉर्ज स्नेल हेच काम दुसऱ्या वाटेने करीत होते. पिढ्यानपिढ्या भावाबहिणींचा संकर करून तयार केलेल्या शुद्ध वाणाच्या उंदरांत कातडीची किंवा गाठीची देवघेव करून, ती नाकारण्यास जबाबदार असलेली जनुके ते शोधत होते. १९४७ च्या वणव्यात तेथील प्रयोगशाळा आणि जवळजवळ सगळे उंदीर जळून गेले. पूर्वी तेथून ज्यांना उंदीर पाठवले होते त्या ठिकठिकाणच्या संशोधकांनी आपापल्या उंदरांची पिल्ले परत पाठवली म्हणून ते वाण वाचले. लवकरच, गोरर यांचे प्रतिजन आणि स्नेल यांचे जनुक एकाच गोष्टीची दोन टोके आहेत हे ध्यानात आले. त्या जनुकसमूहाला 'एच-२' हे नाव मिळाले. प्रत्येक वाणाचा एच-२ प्रकार वेगळा. तो इंग्रजी अक्षराने दाखवतात, जसे 'के', 'डी', 'बी'. माणसातील असाच पहिला प्रतिजन झाँ दोसे यांनी पॅरिसमध्ये १९५८ साली वर्णिला. आज त्या समूहाला एचएलए म्हणतात. मूत्रपिंडाच्या रोपणाआधी दाता आणि रुग्ण यांच्या ज्या 'जुळणी'ची तपासणी होते, ती प्रामुख्याने याच रेणूंची.

आता कोडे असे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ही प्रथिने आहेत. माणसामाणसांत ती कमालीची वेगवेगळी आहेत. आणि त्यांचे ज्ञात कार्य एकच, रोपण केलेला अवयव नासवणे! निसर्गात कोणी कोणाला कातडी चिकटवत नाही. शल्यचिकित्सकांच्या वाटेत अडथळा आणण्यासाठी कोट्यवधी वर्षे एखादे प्रथिन टिकून राहिले असेल, हे उत्क्रांतीच्या दृष्टीने पटण्यासारखे नव्हते. त्यामुळे ही प्रथिने रोपणशास्त्राच्या पुस्तकात राहिली, विषाणू विषाणुशास्त्राच्या पुस्तकात राहिले, आणि दोन्ही पुस्तके वेगवेगळ्या कपाटांत.

दरम्यान टी-पेशींची ओळख झाली होती. छातीतील थायमस ही ग्रंथी निरुपयोगी मानली जात असे. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांतील ती काढून टाकली, तेव्हा ते उंदीर परकी कातडी नाकारीनासे झाले आणि संसर्गालाही सहज बळी पडू लागले. थायमसमध्ये तयार होणाऱ्या या लसिकापेशी म्हणजेच टी-पेशी. कातडी नाकारणाऱ्या याच, आणि विषाणूशी लढणाऱ्याही याच. येथे दोन्ही कपाटे शेजारी आली खरी, पण त्यांतली पुस्तके अजून कोणी एकत्र उघडली नव्हती.

कॅनबेराच्या जॉन कर्टिन वैद्यकीय संशोधन संस्थेत विषाणू आणि प्रतिकार यांचा एकत्र विचार करण्याची परंपरा होती. फ्रँक फेनर यांनी उंदरांच्या देवीवर मोठे काम केले होते. गॉर्डन एडा यांच्या विभागात रॉबर्ट ब्लँडेन त्याच रोगात टी-पेशी काय करतात हे तपासत होते. या विभागात पीटर डोहर्टी आले. हे मूळचे पशुवैद्य, ब्रिस्बेनचे. एडिंबरो येथे मेंढ्यांच्या मेंदूच्या विषाणुजन्य दाहावर त्यांनी डॉक्टरेट केली होती. १९७३ च्या सुरुवातीस बाझेलचे एक तरुण स्विस डॉक्टर रोल्फ झिंकरनागेल येथे दाखल झाले. संस्थेत जागेची टंचाई होती, म्हणून त्यांना डोहर्टींच्या खोलीत टेबल मिळाले. एकाला मेंदूचा दाह ठाऊक होता, दुसरा लोझानहून पेशींचे मरण मोजण्याची एक पद्धत शिकून आला होता.

त्यांनी निवडलेला विषाणूही नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. या विषाणूमुळे उंदरांना मेंदूच्या आवरणांचा दाह होतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एलसीएम म्हणतात. हा विषाणू पेशीत वाढतो, पण स्वतः पेशीला मारत नाही. प्रौढ उंदराच्या मेंदूत तो टोचला तर आठवड्याभरात उंदीर दगावतो. मात्र क्ष-किरण देऊन त्याच्या लसिकापेशी आधीच नष्ट केल्या, तर अंगात विषाणू भरपूर असूनही उंदीर जगतो! म्हणजे उंदराला विषाणू मारत नाही, विषाणूवर तुटून पडलेल्या त्याच्या स्वतःच्याच टी-पेशी मारतात. आईच्या पोटातच ज्यांना हा संसर्ग झाला, असे उंदीर तो विषाणू जन्मभर अंगावर वागवतात, हे १९३० च्या दशकातच दिसून आले होते.

पेशी मेल्या हे मोजायचे कसे? त्यासाठी पेशींना क्रोमियम-५१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य पाजतात. ते पेशीच्या आत अडकून राहते. या पेशींत टी-पेशी मिसळून काही तास ठेवतात. पेशी फुटली की क्रोमियम बाहेरच्या द्रवात येते. मग वरचे पाणी काढून घेऊन त्यातला किरणोत्सार मोजायचा. ही चाचणी मी विद्यार्थिदशेत पुष्कळ केली आहे. पेशी हाताळण्यात जराशी धसमुसळ झाली की त्या आपोआपच फुटतात, आणि टी-पेशी न घातलेल्या नळीतही आकडा चढलेला पाहून आख्खा दिवस वाया गेल्याचे कळते. पेशीला स्वतः मारणारा विषाणू घेतला तरी हीच पंचाईत. एलसीएम तसा नसल्यामुळे जी पेशी मेली ती टी-पेशीनेच मारली, असे खात्रीने म्हणता येते.

डोहर्टींनी आजारी उंदरांच्या मेंदूभोवतीचा द्रव काढला. त्यातल्या लसिकापेशी झिंकरनागेल यांनी काचपात्रातील बाधित पेशींवर सोडल्या. बाधित पेशी धडाधड मेल्या, निरोगी पेशी सुरक्षित राहिल्या. येथवर अपेक्षेप्रमाणेच. काचपात्रात वाढवलेल्या या पेशी 'एल' नावाच्या, एका जुन्या वाणापासून जपलेल्या. त्यांचा एच-२ प्रकार 'के'. आणि प्रयोगातले उंदीरही योगायोगाने 'के' प्रकाराचेच होते.

त्याच सुमारास अमेरिकेतील एका गटाने लिहिले होते, की एलसीएम रोगाची तीव्रता उंदराच्या एच-२ प्रकारावर अवलंबून असते. ज्या वाणात रोग तीव्र, त्याच्या टी-पेशी अधिक मारक असतील का, हे पाहण्यासाठी या दोघांनी निरनिराळे वाण घेतले. अपेक्षा फार तर उणेअधिकाची होती. दिसले ते वेगळेच. उंदीर सगळ्याच वाणांचे आजारी पडत होते. 'के' प्रकाराच्या उंदरांच्या टी-पेशींनी बाधित 'एल' पेशींतून सुमारे ६५ टक्के क्रोमियम बाहेर काढले. 'डी' आणि 'बी' प्रकारांच्या उंदरांच्या टी-पेशी घातल्या तेव्हा आकडा २० टक्क्यांच्या आसपासच घुटमळला, म्हणजे निरोगी पेशींतून जेवढे आपोआप झिरपते जवळजवळ तेवढेच. 'के' आणि 'बी' यांच्या संकरातून जन्मलेल्या पिल्लांच्या टी-पेशींनी मात्र पन्नास टक्क्यांच्या वर मजल मारली.

विषाणू तोच. त्या विषाणूविरुद्ध तयार झालेल्या टी-पेशी तशाच. तरीही समोरची बाधित पेशी आपल्या एच-२ प्रकाराची नसेल, तर टी-पेशी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या.

येथे एक शंका घ्यायलाच हवी. 'डी' प्रकाराच्या टी-पेशी मुळातच दुबळ्या असतील तर? म्हणून उलट बाजूने पाहिले. 'डी' प्रकाराच्या बाधित पेशी समोर ठेवल्या, तेव्हा याच 'दुबळ्या' टी-पेशींनी त्यांचा फडशा पाडला आणि आता 'के'वाल्या हात बांधून बसल्या. तेव्हा दोष टी-पेशींचा नव्हता, जोडीचा होता. पुढे एच-२ चे निरनिराळे तुकडे एकत्र आलेल्या वाणांवर प्रयोग करून, जुळणी नेमकी कोणत्या भागाची हवी हेही त्यांनी दाखवले. कातडी नाकारली जाते ती मुख्यतः ज्या रेणूंमुळे, तोच हा भाग!

यातला मूळ निष्कर्ष १९ एप्रिल १९७४ च्या 'नेचर'मध्ये अवघ्या दोन पानांत आला. ब्लँडेन यांना उंदरांच्या देवीतही तोच नियम आढळला. अमेरिकेत जीन शिअरर यांना विषाणूऐवजी रसायन चिकटवलेल्या पेशींवर तो त्याच वर्षी दिसला.

या कथेतील योगायोगाची चर्चा माझ्या मते जरा जास्तच होते. खोली एक मिळाली, पेशी आणि उंदीर जुळले, हे खरे. पण जुळलेल्याच जोडीवर काम करीत राहणाऱ्या प्रयोगशाळा जगात पुष्कळ होत्या. एकच शुद्ध वाण वापरला की टी-पेशी आणि बाधित पेशी नेहमीच जुळणार, आणि जुळणी आवश्यक आहे हे कधीच कळणार नाही. ते कळण्यासाठी न जुळणारी जोडी मुद्दाम समोर ठेवावी लागते, आणि आलेला शून्याजवळचा आकडा 'प्रयोग फसला' म्हणून टाकून न देता वहीत लिहावा लागतो.

अर्थ काय लावायचा? डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी दोन पर्याय मांडले. एक, टी-पेशीला दोन ग्राहक असतील. एक विषाणू ओळखणारा, दुसरा स्वतःचे एच-२ ओळखणारा. दुसरा पर्याय, ग्राहक एकच असेल, आणि तो विषाणूमुळे काहीतरी बदल झालेले एच-२, म्हणजे 'बिघडलेले स्व' ओळखत असेल. त्यांचा कल दुसऱ्याकडे होता. १९७५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी तो जुना प्रश्नही निकालात काढला: ही प्रथिने रोपणासाठी नाहीत, आपल्या पेशीत घडलेला बिघाड टी-पेशीला दाखवण्यासाठी आहेत. परका अवयव नाकारला जाणे हा त्या व्यवस्थेचा, माणसाने रोपण सुरू केल्यावर उघडा पडलेला, आनुषंगिक परिणाम.

नीट विचार केला तर ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे ते कळते. टी-पेशीचे हत्यार पेशी मारण्याचे आहे. ती रक्तात तरंगणाऱ्या सुट्या विषाणूला ओळखून चिकटू लागली, तर तिचे ग्राहक त्यातच गुंतून पडतील आणि हत्यार वाया जाईल. एच-२ सोबत दिसला तरच विषाणू 'दिसला' असे मानायचे, म्हणजे नजर आपोआप पेशींवरच राहते. सुटे विषाणू प्रतिपिंडांकडे, पेशीतले टी-पेशींकडे अशी वाटणी होते.

स्वतःचे एच-२ कोणते हे टी-पेशीला जन्मजात ठाऊक असते का? तेही नाही. १९७७-७८ च्या सुमारास मायकेल बेव्हन आणि झिंकरनागेल यांनी स्वतंत्रपणे, संकरित उंदराची अस्थिमज्जा किरणांनी रिकाम्या केलेल्या एका पालक-वाणाच्या उंदरात घातली. तयार झालेल्या टी-पेशींची जनुके दोन्ही प्रकारची, पण त्या प्रामुख्याने ज्याच्या अंगात वाढल्या त्याचेच एच-२ मानू लागल्या. हा धडा थायमसमध्ये गिरवला जातो.

'बिघाड' म्हणजे नेमके काय हा वाद मात्र दहा-बारा वर्षे चालला. टी-पेशीच्या ग्राहकाची जनुके १९८४ मध्ये हाती आली. पुढच्या दोन वर्षांत, एकाच ग्राहकाची जनुके दुसऱ्या टी-पेशीत घातली तर प्रतिजनाची आणि स्वतःच्या खुणेची अशा दोन्ही ओळखी सोबत जातात, हे दिसले. तेव्हा ग्राहक एकच. ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलेन टाउनसेंड यांनी फ्लूच्या विषाणूवर काम करताना आणखी एक विलक्षण गोष्ट पाहिली. टी-पेशी विषाणूच्या अगदी अंतर्भागातील प्रथिनही ओळखत होत्या. हे प्रथिन अखंड स्वरूपात पेशीच्या पृष्ठभागावर येण्याचे कारण नव्हते. १९८६ मध्ये त्यांनी या प्रथिनाचे प्रयोगशाळेत जोडलेले छोटे तुकडे निरोगी पेशींवर नुसते ओतले, आणि टी-पेशींनी त्या निरोगी पेशी बाधित समजून मारल्या! म्हणजे टी-पेशीला अख्खा विषाणू नको, अख्खे प्रथिनही नको. तुकडा पुरे.

चित्र असे उभे राहिले. पेशी आपल्याकडे बनलेल्या प्रथिनांचा सतत चुरा करीत असते. त्या चुऱ्यातले, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे एच-२ किंवा एचएलए रेणूंवर बसवून पृष्ठभागावर मांडले जातात. दारातल्या केराच्या टोपलीत कोणती साले पडली आहेत यावरून घरात आज काय शिजले ते शेजाऱ्याला कळते, तसेच हे. निरोगी पेशीच्या टोपलीत नेहमीचीच साले असतात. विषाणू आत असला की त्याच्या प्रथिनाचे एखादे साल त्यात सापडते आणि टी-पेशी थबकते.

प्रत्यक्ष टोपली पाहण्याचा मान हार्वर्डमधील पामेला ब्यॉर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रॉमिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला. एचएलए-ए२ या मानवी रेणूचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याची रचना काढण्यात काही वर्षे गेली. ऑक्टोबर १९८७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रेणूच्या माथ्यावर एक लांबट खाच दिसत होती. दोन बाजूंना नागमोडी वळणाचे दोन काठ, खाली सपाट तळ. आणि त्या खाचेत काहीतरी होते. रेणूच्या स्वतःच्या साखळीत न बसणारा, नाव न सांगता येणारा एक पुंजका. ज्या पेशींपासून हा रेणू मिळवला होता त्यांच्यातलेच प्रथिनांचे तुकडे रेणूसोबत स्फटिकात आले होते. माणसामाणसांत या रेणूंमध्ये जे फरक असतात तेही बहुतांशी या खाचेच्या काठांवर आणि तळाशीच आढळले.

यातून त्या अफाट विविधतेचाही उलगडा होतो. प्रत्येक प्रकारच्या खाचेत ठरावीक घडणीचेच तुकडे बसतात. सगळ्यांची खाच सारखी असती, तर तिच्यात न बसणारे तुकडे असलेला एखादा विषाणू सगळ्या समाजातून बिनबोभाट फिरला असता. आज एचएलएचे हजारो प्रकार नोंदलेले आहेत. एचएलए-बी५७ हा त्यांतलाच एक. तो असलेल्यांमध्ये एचआयव्हीचा संसर्ग पुष्कळदा सावकाश बळावतो, कारण त्याच्या खाचेत बसणारे काही तुकडे विषाणूला स्वतःचे नुकसान करून घेतल्याशिवाय बदलता येत नाहीत. मूत्रपिंडासाठी जुळणारा दाता शोधताना जी विविधता जिवावर येते, ती ही.

डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी टी-पेशीचा ग्राहक, खाच आणि तिच्यातला तुकडा या तिघांची एकत्र रचनाही स्फटिकांतून प्रथमच दिसली. ग्राहक खाचेवर तिरका टेकलेला असतो आणि एकाच वेळी काठांना आणि तुकड्याला स्पर्श करतो.

विषाणू मात्र गप्प बसलेले नाहीत. नागिणीच्या कुळातील काही विषाणू हे तुकडे खाचेपर्यंत पोचूच देत नाहीत. काही तर एचएलए रेणूच पृष्ठभागावर जाण्याआधी नष्ट करून टाकतात. टोपलीच दारातून गायब! अशी पेशी टी-पेशीला दिसत नाही. परंतु स्वीडनमधील क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले, की लसिकापेशींचा आणखी एक गट, ज्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात, तो नेमक्या अशाच पेशी शोधत फिरत असतो: ज्यांच्या अंगावर 'स्व'ची खूण नाही त्या.